स्वित्झर्लंड आणि सातपुडा

राज्यशास्त्राच्या पदवी परीक्षेला ‘तौलनिक’ या विशेषणाने सुरू होणारी एक प्रश्नपत्रिका असते, आणि तिच्यात तुलना तेवढी नसते. हे विधान कोणाला खोडसाळ वाटेल. परंतु हा विषय बत्तीस वर्षे शिकवून, आणि जवळजवळ तितकीच वर्षे त्याच्या उत्तरपत्रिका तपासून, मी ते करीत आहे. शिवाय या दोषातला काही वाटा माझ्याच लाल शाईचा आहे, हे पुढे यावयाचेच आहे. दिवाळीच्या दिवसांत, चकल्या-अनारशांचे ताट पुढ्यात असताना, वाचकाला राज्यघटनांकडे ओढून नेणे हे फारसे रसिकपणाचे लक्षण नव्हे, हे मला कळते. पण ज्या घरांत असे अंक जातात त्यांतल्या पुष्कळ घरांत एखादी मुलगी किंवा सून हाच विषय घेऊन बी. ए. झालेली असेल. तिला स्वित्झर्लंडविषयी विचारून पाहावे. तिथे सार्वमत असते, एवढे ती चटकन सांगेल. मग आपल्या गावच्या ग्रामसभेचे त्या सार्वमताशी नाते काय, असे विचारावे. ती आपल्याकडे चमकून पाहील. तीन वर्षांत तिला तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

विषयाची मांडणी मी शिकवू लागलो तेव्हा अशी होती: इंग्लंडची पार्लमेंट, अमेरिकेचा अध्यक्ष, स्वित्झर्लंडचे सार्वमत आणि सोव्हिएत रशियाचा एकच पक्ष. चार खोल्यांचे ते घर. जूनमध्ये पहिल्या खोलीत शिरावयाचे, दिवाळीच्या सुटीपर्यंत दोन उरकावयाच्या, फराळ पोटात गेल्यावर उरलेल्या दोन. आणि प्रत्येक खोलीतून बाहेर पडताना दार नीट लावून घ्यावयाचे, कारण एकीतला आवाज दुसरीत जाता कामा नये. शेवटी कागदावर मधोमध एक उभी रेघ मारून ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर लिहावयाचे. डावीकडे ब्रिटिश पंतप्रधान, उजवीकडे अमेरिकन अध्यक्ष. ही रेघ म्हणजेच तुलना, अशा समजुतीत मुलांच्या कित्येक पिढ्या पदवीधर झाल्या. पुढे पुस्तके बदलली, शीर्षकात ‘शासन’ होते तिथे ‘राजकारण’ आले, रेघ राहिली. हा दोष कोण्या एका विद्यापीठाचा नव्हे. गावोगावच्या पुस्तकांच्या दुकानांत जी क्रमिक पुस्तके आणि गाईडे हातोहात खपतात, त्यांच्या अंगातच तो मुरलेला आहे.

वस्तुतः या शास्त्राची वंशावळ ज्याच्यापासून सांगतात त्या ॲरिस्टॉटलने १५८ राज्यांच्या घटना गोळा केल्या होत्या, असे परंपरा सांगते. त्यांतली अथेन्सची तेवढी आज हाती आहे. इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसावरून ती १८९१ मध्ये छापली गेली. पण त्या गृहस्थाला याद्या करावयाच्या नव्हत्या. राज्ये मोडतात ती का मोडतात, हा त्याला पडलेला प्रश्न होता, आणि त्या प्रश्नासाठी त्याला दीडशे गावांचे पाणी चाखावे लागले. आमच्या पुस्तकांत पाणी आहे, तहान नाही.

आता लाल शाईविषयी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रावर आम्ही दहा-बारा प्राध्यापक बसलो होतो. उन्हाळा खानदेशचा, म्हणजे त्याचे वर्णन करण्याची गरज नाही; पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलीत होता. प्रश्न होता: स्वित्झर्लंडमधील प्रत्यक्ष लोकशाहीची वैशिष्ट्ये सांगा. सोळा गुण. नमुना उत्तरात सहा मुद्दे होते: जनसभा, सार्वमत, जनोपक्रम इत्यादी. साठएक उत्तरपत्रिकांमध्ये तेच सहा मुद्दे, त्याच क्रमाने, त्याच उपमांसह आले. मग एक आली. परीक्षार्थीने जनसभेचा मुद्दा लिहिला. आपेन्झेल आणि ग्लारूस या परगण्यांत सगळे मतदार चौकात जमतात आणि हात वर करून कायदा मंजूर करतात, एवढे त्याने सांगितले. आणि मग तो एकदम आपल्या गावात शिरला. शिरपूरकडचे कुठले तरी गाव असावे. आमच्याकडे ग्रामसभा कागदावर भरते, असे त्याने लिहिले होते. शिपाई वही घेऊन घरोघरी फिरतो आणि सह्या नि अंगठे गोळा करतो. पुढे त्याने विचारले होते: ती खरीच भरली, आणि हात वर करावयाचे ठरले, तर आखाजीला ज्याचा सालाचा करार पुन्हा व्हावयाचा आहे त्या सालदाराने मालकाच्या समोर, मालकाच्या विरुद्ध हात कसा वर करावयाचा? स्वित्झर्लंडात सालदार नसतात काय?

मी समासात ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि सोळापैकी पाच गुण दिले.

त्या पाच गुणांचे मला बरीच वर्षे काहीच वाटले नाही. नमुना उत्तरातले सहापैकी दोन मुद्दे आले होते. हिशेब बरोबर होता. पुढे निवृत्तीच्या सुमारास काही वाचत असताना एक तपशील हाती लागला. नागरी व राजकीय हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात मतदान गुप्त असावे असे कलम आहे. स्वित्झर्लंडने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला तेव्हा नेमक्या याच कलमापाशी एक राखीव अट लिहून ठेवली: आमच्या परगण्यांच्या आणि गावांच्या सभांत निवडणुका गुप्त मतदानाशिवाय होतात, त्यांना या कलमाने बाध येऊ नये. म्हणजे उघड हात वर करण्यात काही तरी अडचण आहे, हे स्वित्झर्लंडच्या सरकारला ठाऊक होते, शिरपूरकडच्या एका मुलाला ठाऊक होते, आणि मधल्यामध्ये बसलेल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला तेवढे ठाऊक नव्हते. त्याने केली होती ती तुलना होती. संपूर्ण गठ्ठ्यात ती एकच होती, आणि तिला मी विषयांतर म्हटले.

या विषयाच्या मराठीबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण पुष्कळ वेळा दोष मुलांच्या डोक्याचा नसून पुस्तकाच्या वाक्याचा असतो. ‘राजकीय सामाजीकरण’, ‘हितसंबंधांचे एकत्रीकरण’, ‘आदाने आणि प्रदाने’: हे शब्द वाईट नाहीत, शास्त्राला शास्त्राचे शब्द लागतातच. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांनी १९८७ मध्ये सिद्ध केलेला राज्यशास्त्र कोश किंवा भा. ल. भोळे यांची भारतीय शासन-राजकारणावरची मराठी पुस्तके उघडून पाहावीत. तिथे हेच शब्द कामाला जुंपलेले दिसतात, मिरवणुकीतल्या घोड्यासारखे नुसते नटवलेले नाहीत. क्रमिक पुस्तकांत मात्र संज्ञेची व्याख्या दुसऱ्या संज्ञेने आणि तिची तिसरीने केलेली असते. ‘अधिमान्यता’ हा शब्द मी तीन वर्षे तसाच शिकवला. चौथ्या वर्षी धुळ्याच्या वर्गात सहज विचारले, की पोलीस पाटलाने हटकले तर तुम्ही थांबता आणि गावगुंडाने हटकले तरी थांबता, मग दोन्हींत अंतर काय? मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, गुंडाकडे थांबावं लागतं. पाटलाकडे थांबावं लागतं आणि थांबलं पाहिजे असंही वाटतं.” मी फळ्यावर अधिमान्यता हा शब्द लिहिला. त्या दिवसानंतर कोणाला तो अडला नाही.

पिंपळनेरसारख्या धुळे जिल्ह्यातल्या गावी जन्मलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठीत विश्वकोश उभा केला, त्या मुलखातल्या मुलांना मराठी शब्द जड जातात म्हणून आपण गाईडांची बाजू घ्यावी, हे मला तरी पटत नाही.

सोव्हिएत रशियाची हकिगत थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९९१ मध्ये ते राज्य नाहीसे झाले. आमच्या नेमलेल्या पुस्तकात ते आणखी काही काळ सुखाने नांदत होते. ज्या देशाचे अस्तित्वच उरलेले नव्हते त्याच्या १९७७ च्या घटनेतले सर्वोच्च सोव्हिएतचे अधिकार मी वर्गात सांगत असे, आणि मुले ते उतरवून घेत. एका मुलाने विचारले, “सर, ते वर्तमानपत्रात मोडलं म्हणतात, मग परीक्षेत आहे का अजून?” वर्ग हसला, मीही हसलो. परंतु एवढे मोठे राज्य गोळीबाराच्या दणदणाटाशिवाय कसे विरघळले, हा या शास्त्राला त्या शतकात पडलेला सर्वांत मोठा प्रश्न आमच्या खिडकीबाहेरून चालत गेला, आणि आम्ही अधिकारांची यादी पुरी केली.

हे सगळे जुन्या, घटना पाठ करण्याच्या पद्धतीचे झाले. नवी पद्धत आली तेव्हा तिच्याकडून पुष्कळ आशा होत्या. गॅब्रिएल आल्मंड आणि सिडनी व्हर्बा या अमेरिकन अभ्यासकांनी १९६३ मध्ये ‘सिव्हिक कल्चर’ नावाचा ग्रंथ लिहिला. अमेरिका, इंग्लंड, पश्चिम जर्मनी, इटली आणि मेक्सिको या पाच देशांत मिळून सुमारे पाच हजार लोकांना प्रश्न विचारून तो सिद्ध झाला होता. लोकशाही कागदावरच्या कलमांनी टिकत नाही, ती लोकांच्या मनोवृत्तीवर टिकते, हे त्याचे म्हणणे. ग्रंथ मोठा आहे, यात शंका नाही. माणसे सरकारकडे कशी पाहतात हे त्यांना जाऊन विचारावे, ही साधी गोष्ट त्याने शास्त्राला शिकवली. त्यात राजकीय संस्कृतीचे तीन प्रकार कल्पिलेले आहेत. पहिल्यात माणसाला आपल्या टोळीपलीकडच्या राज्याची जाणीवच नसते; दुसऱ्यात जाणीव असते, पण तो नुसता आज्ञा पाळणारा प्रजाजन असतो; तिसऱ्यात तो सहभागी नागरिक असतो. ग्रंथकारांनी हे ठोकळे आहेत, प्रत्यक्षात मिश्रणेच सापडतात, असे बजावून ठेवले होते. १९८० मध्ये त्यांनीच संपादित केलेल्या दुसऱ्या ग्रंथात पहिल्यावर भरपूर टीकाही छापली. पण ग्रंथ मराठी क्रमिक पुस्तकापर्यंत येईतो इशारा वाटेत गळाला आणि ठोकळे तेवढे पोचले. पहिल्या प्रकाराच्या पुढे कंसात उदाहरण आले: आदिवासी.

हे उदाहरण मी धुळ्याला शिकवीत होतो, आणि समोरच्या बाकांवर अक्राणी, अक्कलकुवा, नवापूर इकडची मुले बसलेली होती. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. १ जुलै १९९८ रोजी ते वेगळे झाले. त्या मुलांनी ते उतरवून घेतले. कोणी हरकत घेतली नाही. हरकत घेण्याची सवय आपल्या वर्गांत कोणालाच नसते, आणि पहिल्या पिढीच्या मुलाला तर छापील ओळ ही दगडावरची रेघ वाटते.

वास्तविक सातपुड्यातल्या भिल्लाला राज्याची जाणीव नाही, असे म्हणणाऱ्याने सातपुडा पाहिलेला नाही. त्याच्या उंबऱ्यावर राज्य शंभर-दीडशे वर्षे ठाण मांडून बसलेले आहे. जंगलखात्याच्या गार्डाच्या रूपाने, तलाठ्याच्या रूपाने, अतिक्रमणाच्या पावतीच्या रूपाने तो ते रोज पाहतो. मुंबईच्या मध्यमवर्गीयाला महिनोन्महिने सरकारचे तोंड पाहावे लागत नाही. इथे लाकडाची मोळी आणावयाची तरी राज्यशास्त्र आडवे येते. १९७० नंतर शहाद्याकडे अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या माणसांनी सालदार-शेतमजुरांना जमवले, १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली, आणि जमिनीचे व मजुरीचे प्रश्न कोर्टकचेऱ्यांपर्यंत जाऊन भिडले. हे सारे आमच्या महाविद्यालयापासून बसने दोन-तीन तासांवर चालले होते.

आणि मग मणिबेली. अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदेच्या काठचे हे गाव सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राच्या बाजूने आधी जाणाऱ्यांपैकी. या प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. नर्मदा बचाओ आंदोलनात मणिबेलीची माणसे पुढे होती. पावसाळ्यात वाढत्या पाण्यासमोर ती बसून राहिली. अखेर बँकेला स्वतंत्र समीक्षा समिती नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीने १९९२ मध्ये दिलेला अहवाल बँकेच्या अंगाशी आला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको म्हणून कळवले, आणि त्याच वर्षी, बँकेच्या प्रकल्पांची झळ लागलेल्या जगातल्या कोणत्याही गावाला दाद मागता यावी म्हणून बँकेने स्वतःचे तपासणी मंडळ काढले. १९९४ मध्ये अनेक देशांतल्या संघटनांनी बँकेसमोर मागण्या ठेवल्या, त्या मागणीपत्राला मणिबेलीचे नाव दिले. धरण थांबले नाही. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला मोकळीक दिली, आणि गावाची जमीन पाण्याखाली गेली ती गेलीच. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद इथे मांडावयाचा नाही. धरणाच्या बाजूनेही बोलणारी शहाणी माणसे आहेत. मला एवढेच दिसते, की ज्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या एका बलाढ्य संस्थेला या गावामुळे आपले नियम बदलावे लागत होते, त्याच वर्षी मी त्या गावाच्या शेजारच्या मुलांना, टोळीपलीकडच्या राज्याची जाणीव नसलेली संस्कृती म्हणजे तुम्ही, असे शिकवीत होतो. परीक्षेत तो प्रश्न आठ गुणांना आला. मुलांनी उत्तर बरोबर लिहिले.

तुलनेच्या नावाखाली आम्ही जे करीत होतो त्यातली खरी चूक मला इथे सापडते. आमची पट्टी नेहमी एकाच टोकाकडून धरलेली असे. स्वित्झर्लंडच्या मापाने सातपुडा मोजावयाचा, आणि तो आखूड भरला की आखूडपणाला शास्त्रीय नाव द्यावयाचे. सातपुड्याच्या मापाने स्वित्झर्लंड कधी मोजला नाही. मोजला असता तर काही नवलाच्या गोष्टी दिसल्या असत्या. खानदेशातल्या बाईला १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मत आहे. स्वित्झर्लंडच्या बाईला संघराज्याच्या निवडणुकीत ते १९७१ मध्ये मिळाले. आतल्या आपेन्झेल परगण्यात तर १९९० च्या एप्रिलमध्ये चौकात जमलेल्या पुरुषांनी, हात वर करूनच, बायकांना मताधिकार नाकारला. नोव्हेंबरात तिथल्या संघीय न्यायालयाने तो देवविला. तिथे पुरुषाने कमरेला लावलेली पिढीजात तलवार हाच त्याचा मतदार असल्याचा दाखला समजतात. त्याच १९९० च्या १५ ऑगस्टला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. जिला अक्षरओळख नव्हती अशा बाईचे नाव विद्यापीठाला द्यावे, हे स्विस माणसाला समजावून सांगणे हीच एक उत्तम तौलनिक प्रश्नपत्रिका होईल.

बहिणाबाई असोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून. हे मी उगीच सांगत नाही. तुलना करावयाची म्हणजे दोन ठिकाणे आतून माहीत पाहिजेत, आणि आपल्याकडे दोन गावे आतून माहीत असलेले माणूस म्हणजे लग्न झालेली बाई. पुरुष जन्मभर एकाच गावाचा असतो, म्हणून त्याला आपल्या गावची रीत हीच जगाची रीत वाटते. हे मला एका विद्यार्थिनीने शिकवले. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी वर्गाला एक घरचा निबंध घालू लागलो होतो: माहीत असलेल्या दोन गावांत एकाच गोष्टीचा निर्णय कसा होतो, ते लिहा. गुण नव्हते, म्हणून बहुतेकांनी लिहिला नाही. जळगावच्या बाजूची मुले दोन सोसायट्यांच्या निवडणुका आणत. लिहीत बरे, पण दोन्हीकडे भांडण तेच, फक्त आडनावे वेगळी.

ही मुलगी चोपडा तालुक्यातली, साक्री तालुक्यात दिलेली. तिने पाणी घेतले. माहेरी प्रत्येकाची विहीर, प्रत्येकाची मोटर. पाणी ज्याच्या जमिनीखाली त्याचे, आणि भांडण झालेच तर ते विजेच्या वेळापत्रकाशी. सासर पांझरेच्या काठी. तिथे जुन्या फडाची रीत थोडी शिल्लक होती. ज्यांनी हा शब्द ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकांपूर्वीचे दगडी बंधारे आहेत, आणि त्यांच्या पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यावयाचे, कोणाची जमीन कितीही मोठी असो. पाणी नंबरवारीने. ते कमी पडले तर भिजवावयाचे क्षेत्रच कमी करावयाचे, म्हणजे तूट सर्वांच्या वाट्याला येते. पाणी सोडावयाला पाटकरी, पीक राखावयाला जागल्या, यांना सुगीत धान्य. लेखी कायदा नाही, सरकारी अंमलदार नाही. विहिरी वाढल्या तशी ही रीत बरीचशी मोडली. मुलीने लिहिले होते, की सासरे आपल्या वावराच्या बांधावर उभे राहून आधी शेजाऱ्याच्या पिकाकडे पाहतात, मग आपल्या. माझ्या वडिलांना मी असे करताना कधी पाहिले नाही. आणि शेवटी: सासरी भांडणे कमी नाहीत, पण ती सगळी चारचौघांत होतात, माहेरी ती रात्री होतात.

तो निबंध मी दोनदा वाचला, आणि मग एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा सामाईक मालमत्तेच्या कारभारावरचा ग्रंथ, १९९० सालचा, पुन्हा काढला. या बाई राज्यशास्त्राच्या. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तोवर ते कोणत्याही स्त्रीला मिळाले नव्हते. त्यांच्या ग्रंथात स्वित्झर्लंड आहे. पण तो सार्वमताचा नव्हे. आल्प्समधले त्योर्बेल नावाचे एक खेडे आहे. १४८३ साली तिथल्या गावकऱ्यांनी लिहून ठेवले, की सामाईक कुरणाचे काय करावयाचे ते आम्ही ठरवणार. पुढे नियम झाला, की हिवाळ्यात जितक्या गाई आपल्या गोठ्यात पोसता येतील त्यापेक्षा जास्त कोणी उन्हाळ्यात कुरणावर सोडू नये. शेजारी स्पेनमधले पाटाचे पाणी आहे, जपानमधली डोंगरावरची सामाईक राने आहेत. पांझरेचा फड त्या रांगेत उभा केला तर कोठेही खाली बसत नाही. बत्तीस वर्षे मी स्वित्झर्लंड शिकवला, आणि आमच्या साक्री तालुक्याला भेटावयाला येऊ शकेल असा स्वित्झर्लंड मला एका सुनेच्या निबंधामुळे सापडला.

यावर एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते वजनदार आहे. परदेशच्या घटना शिकवल्या नाहीत तर मुले डबक्यातली बेडके होतील. मान्य. पंतप्रधानाला स्वतःच्याच पक्षातली माणसे घरी बसवू शकतात, हे इंग्लंडचे प्रकरण शिकताना जळगावच्या वर्गात मुलांचे डोळे कसे विस्फारत, ते मी पाहिले आहे. आपल्या सोसायटीचा चेअरमन देवाने नेमलेला नाही, ही कल्पना कित्येकांच्या डोक्यात वेस्टमिन्स्टरच्या वाटेने शिरली. म्हणून आता जो दुसरा सूर ऐकू येतो, की ती परदेशी जंत्री काढून टाका आणि महाराष्ट्राचेच राजकारण शिकवा, त्याचीही मला भीती वाटते. एकट्या स्वित्झर्लंडात तुलना नाही, तशी एकट्या साक्रीतही नाही. आणि मोठ्या शास्त्रज्ञांनाही भारत कोठे बसवावा हे सहज उमगलेले नाही. आरेंड लाइपहार्ट यांनी १९८४ मध्ये लोकशाह्यांचा जो तौलनिक ग्रंथ लिहिला त्यात भारत नव्हता, आणीबाणीमुळे सलग लोकशाहीच्या कसोटीला तो उतरत नव्हता. १९९९ च्या ग्रंथात छत्तीस देशांमध्ये तो आला. मधल्या काळात त्यांना भारताचे कोडे सोडवण्यासाठी स्वतंत्र लेख लिहावा लागला. आमच्या पुस्तकांना ते कोडे पडतसुद्धा नाही, एवढीच माझी तक्रार.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी प्रश्नपत्रिका काढणाऱ्या समितीवर मी होतो. मी एक प्रश्न लिहून नेला होता: “ग्लारूस येथील जनसभा आणि आपल्या परिचयाच्या गावातील ग्रामसभा यांमध्ये हात वर करून मत देण्याने कोणाचा आवाज वाढतो व कोणाचा दबतो, ते सकारण लिहा.” सोळा गुण. समितीतली मंडळी सज्जन होती. प्रश्न चांगला आहे, असे सगळे म्हणाले. मग एकाने विचारले, याचे नमुना उत्तर काय द्यावयाचे? तपासणारे दीडशे असतील, प्रत्येक परीक्षार्थीचे गाव वेगळे. गुण कशावर देणार? मी शिरपूरकडच्या त्या मुलाचे उत्तर आठवू लागलो. दोन मुद्दे आठवले, पुढचे आठवेनात. चहा आला. प्रश्न बदलून, स्वित्झर्लंडमधील प्रत्यक्ष लोकशाहीची वैशिष्ट्ये सांगा, असा केला, आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो.